हात गार करून घेणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आपल्या दवाखान्याच्या ओट्यावर गायी-म्हशी आणि शेळ्यांच्या रांगेत बुटांचे खोके छातीशी धरून उभा असलेला निवृत्त मास्तर आपल्याला कदाचित आठवत असेल. खोक्यात काय आहे असे पुढच्या माणसाने विचारले, तेव्हा मी ‘सरड्यासारखे काहीतरी’ असे पुटपुटलो होतो, कारण पिकल्या केसांचा माणूस पालीला औषध आणायला आला आहे हे उघड सांगण्याची मला लाज वाटली होती. त्या लाजेची थोडी भरपाई म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

चिंगी माझ्या मुलीची. मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि पुण्यात घेतलेली ही क्रेस्टेड गेको जातीची पाल काचेच्या पेटीसह लातूरला आमच्याकडे आली. ही मूळची दक्षिण प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. शास्त्रात तिची नोंद १८६६ साली झाली, पुढे ती नामशेष झाली असे समजले जात होते आणि १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. तिच्या डोळ्यांवर पापण्यांसारखी काट्यांची झालर असते, पण मिटणारी पापणी नसल्यामुळे ती जिभेनेच डोळे पुसते. २२ ते २६ अंशांत सुखाने राहणारा असा जीव मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणून ठेवणे, हा पहिला अपराध आमचाच होता. विकणाऱ्याने तापमानाविषयी अवाक्षरही काढले नव्हते, हे खरे. पण आम्हीही विचारले नव्हते. पेटीत रोज पाण्याचा फवारा मारताना मला २०१६ चा उन्हाळा आठवतो, मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आठवते आणि हात आपोआप आखडतो.

अवकाळी वादळाने दीड दिवस वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली, कूलर थांबला. एरवी काचेला उभी चिकटून राहणारी चिंगी पेटीच्या तळाशी तोंड उघडे टाकून पडलेली दिसली.

आपल्याकडे येण्याआधी मी शहरातल्या एका चकचकीत दवाखान्यात गेलो होतो. तिथे ‘पालीला?’ एवढा एकच प्रश्न विचारला गेला आणि तोही मला नाही, एकमेकांना. मदतनिसाने तिला शेपटीला धरून उचलले. शेपटी त्याच्या चिमटीत राहिली, मग टेबलावर पडून वळवळू लागली आणि तिथली माणसे हसली; एकाने मोबाईलवर चित्रीकरणही केले. आपल्या भिंतीवरच्या पालीला तुटलेली शेपटी पुन्हा फुटते, चिंगीच्या जातीला ती कधीच फुटत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते की त्याची फिकीर नव्हती, कोण जाणे. तपासणीचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

आपण प्रथम विचारलेत, ‘ही रानातून पकडलेली नाही ना?’ घोरपडीसारखा आपल्याकडचा संरक्षित जीव असता, तर आधी वनखात्याला कळवावे लागले असते, हेही सांगितलेत. तो प्रश्न मला आवडला. त्यानंतर आपण जे केलेत, त्यासाठी खरे तर हे सगळे लिहिणे आहे. आपण शिपायाला माठातले पाणी तसराळ्यात काढायला सांगितलेत, त्यात दोन्ही हात बुडवून काही वेळ तसेच ठेवलेत, मग ते रुमालाने टिपून कोरडे केलेत आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, ‘मास्तर, आपला हात म्हणजे हिच्यासाठी तापलेला पत्रा.’ मग गार झालेला तळवा खोक्यात तिच्यापुढे ठेवून आपण थांबलात. आपण तिला उचलले नाहीत. तिचा एक पाय पुढे आला, तळव्याला चिकटला, सुटला, पुन्हा चिकटला. ज्या बोटांवरच्या लक्षावधी सूक्ष्म केसांच्या जोरावर ही जात गुळगुळीत काच चढते, त्या बोटांत तेव्हा काही राहिले नव्हते. तरी ती स्वतः होऊन आपल्या हातावर आली. मागे म्हैस घेऊन उभा असलेला माणूस तेवढ्यात म्हणाला, ‘होऊ द्या सायब, जीवच हाय की त्यो बी.’

सौजन्य म्हणजे गोड बोलणे आणि वडीलधाऱ्यांना मान देणे, असे मी पस्तीस वर्षे वर्गात शिकवले. आपला हात दुसऱ्याच्या अंगाला कसा लागत असेल, याचा आधी विचार करणे, ही व्याख्या मला कधी सुचली नव्हती. आमच्या घरात आजही पंचांगातले पल्लीपतनाचे कोष्टक पाहिले जाते. पाल उजव्या खांद्यावर पडली तर काय फळ, डाव्या खांद्यावर पडली तर काय. पडलेल्या पालीचे पुढे काय होते, याचे कोष्टक मात्र कोणत्याही पंचांगात नाही.

आपल्याकडच्या काट्यावर तिचे वजन शून्यच दिसले, म्हणून आपण मला सराफाकडे पाठवलेत. तिथे ते ३४ ग्रॅम भरले आणि सराफाने सवयीने विचारले, ‘घडणावळ किती?’ त्या दिवसानंतर मी पहिल्यांदा तेव्हा हसलो.

आपण सांगितल्याप्रमाणे बर्फाच्या वाटेला आम्ही गेलो नाही. पेटीजवळ दोन माठ ठेवले, खिडकीला ओले गोणपाट लावून त्यातून पंखा सोडला. आपल्या कोरड्या हवेत ही युक्ती फार चांगली चालते. परवा तिचे वजन ४१ ग्रॅम भरले. रात्री ती पुन्हा काचेवर चढते आणि मध्येच बारीक आवाजही करते. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, पण आमच्याकडे आता पाल चुकचुकली की सगळ्यांच्या शंका मिटतात.

पेटी उघडण्यापूर्वी सौभाग्यवती आता आधी गार पाण्यात हात बुडवतात. मुलीने व्हिडिओ कॉलवर ते पाहून कारण विचारले, तेव्हा आपली हकीकत मी तिला सांगितली. शेपटीचे मात्र अजून सांगितलेले नाही; कॅमेऱ्यासमोर चिंगीला मी तोंडाच्या बाजूनेच धरतो.

आपला ऋणी,
एक निवृत्त शिक्षक, लातूर