मनीऑर्डर कशी पोचायची, हेही लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेट येण्यापूर्वीच्या दिवसांवर हल्ली पुरवण्यांतून बरेच आठवणीपर लेखन येते. पोस्टमनची सायकल, शेजारच्या घरातला काळा फोन, पत्राची वाट पाहणे, सगळे त्यात असते. पण ही कामे प्रत्यक्षात व्हायची कशी, ते मात्र क्वचितच वाचायला मिळते. नातवंडे नेमके तेच विचारतात, आणि उत्तर देऊ शकणारी माणसे आता सत्तरीपुढे गेली आहेत. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा (टेलिग्राम) घेतल्या गेल्या. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. म्हणून आम्ही काही निवृत्त डाक-तार कर्मचारी हे लिहीत आहोत.

आपल्या सातारा जिल्ह्यात तर मनीऑर्डरवर घरे चालली. माण, खटाव, जावळी, पाटणचा माणूस मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर माथाडीत, आणि गावचा खर्च पोस्टातून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावाकडच्या मनीऑर्डरी आटल्या. मनीऑर्डरच्या फॉर्मवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहायची, खाडाखोड चालत नसे. कमिशन वीस रुपयांमागे एक रुपया. फॉर्मच्या खालच्या कुपनावर निरोपापुरती जागा असे. ‘थोरलीची फी भरा, उरलेले दुकानदाराला द्या’ एवढे त्यात मावायचे. पोस्टमन पैसे मोजून देई, सही किंवा अंगठा घेई, अंगठ्याला साक्षीदार लागे. कुपन फाडून घरच्यांच्या हातात ठेवी, आणि सहीची पोच मुंबईला परत जाई. पैसे मिळाले, हे पाठवणाऱ्याला त्या पोचेवरून कळे. ती हरवली की कामगार पोस्टाच्या खिडकीवर चौकशीला उभा.

मनीऑर्डर अडायची ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण नाव. एकाच भावकीत एकाच नावाचे तिघे असत. वडिलांचे नाव आणि आळी किंवा वस्ती लिहिली नाही, तर पोस्टमन पैसे देणार कोणाला? सुनेच्या नावाने पैसे आले आणि गावात तिला कागदावरच्या नावाने कोणी ओळखतच नाही, असेही व्हायचे. दुसरे ठिकाण रोकड. खेड्यातल्या शाखा डाकघरात किती रोख ठेवायची याला मर्यादा होती. मुंबईत पगार झाले की गठ्ठ्याने मनीऑर्डरी येत, आणि डाकपालाला वरच्या उपडाकघरातून पैसे मागवावे लागत. त्यात दिवस जात. गावात मात्र बोलले जाई की पोस्टाने पैसे वापरले. कुठे तसे घडलेही असेल, पण बहुतेक वेळा पेटीत पैसेच नसत. हे कुठेतरी नोंदवले जावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

फौजी टपालाची रीत वेगळी. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात लहान मुलालाही ती पाठ असे: सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे लष्कराचे पोस्ट ऑफिस). जवान कुठे आहे ते गाव वा राज्य लिहायचे नाही. जवानाची बदली झाली तरी पत्र त्याच्या युनिटमागे जाई, ते या पद्धतीमुळेच.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते. पिनकोडातले पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी कुठे होणार ते सांगतात, जिल्हा सांगत नाहीत. म्हणून विटा सांगली जिल्ह्यात असूनही त्याचा पिन ४१५३११, म्हणजे साताऱ्यासारखा ४१५ ने सुरू होतो. सांगली शहराचा मात्र ४१६४१६. जिल्हा पाहून अंदाजाने पिन टाकला की पत्र उगाच फिरून येई. आजही येते.

ट्रंक कॉल म्हणजे ऑपरेटरने जोडून दिलेला परगावचा फोन. त्यासाठी १८० फिरवायचा. आपला नंबर, गाव, तिकडचा नंबर आणि कॉल साधा, अर्जंट की लायटनिंग (सर्वांत तातडीचा), एवढे सांगून रिसीव्हर खाली ठेवायचा. ठरावीक माणसाशीच बोलायचे असेल तर पीपी कॉल. त्याची फी जादा, पण माणूस भेटला नाही तर पूर्ण कॉलचे पैसे लागत नसत. उशीर ऑपरेटरमुळे होत नव्हता. गावाकडून मोठ्या शहराकडे जाणाऱ्या लाइनीच मोजक्या, आणि रांगेत अर्जंटवाले पुढे सरकत. पैसे तीन मिनिटांच्या हिशेबाने लागत, म्हणून बोलायचे मुद्दे लोक आधी कागदावर लिहून आणत. पुढे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायचे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि रात्री अकरानंतरच्या पाव दरासाठी रांगा लागू लागल्या. यंत्रातले घड्याळ चुकीचे असले की दर बदलायच्या वेळी बिलावरून हमखास वाद व्हायचा.

तारेत पत्त्यातले शब्दही मोजले जात, म्हणून पेढीवाले आपला एका शब्दाचा पत्ता फी भरून नोंदवून ठेवत. सांगलीच्या हळद-गुळाच्या अडत्यांची जुनी बिलबुके पाहा, वरच्या कोपऱ्यात ‘तार’ असे लिहून पुढे तो शब्द छापलेला सापडेल. शुभेच्छांच्या तारांची वाक्ये ठरलेली, त्यांना क्रमांक. लग्नासाठी ८ लिहिले की पुरे, पूर्ण वाक्य पलीकडचे तार ऑफिस उतरवून देई.

आपल्या दैनिकाने आठवड्यातून अर्धा रकाना या कामाच्या रीतींसाठी द्यावा. ऑपरेटर, पोस्टमन, बूथवाले, अडत्यांचे दिवाणजी यांनी आपापले काम पायरीपायरीने सांगावे. घरोघरी ट्रंकेत तारेच्या पावत्या, मनीऑर्डरची कुपने, जुनी टेलिफोन डिरेक्टरी पडून असेल, ती रद्दीत घालू नये. कोरा फॉर्म सापडला तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवावा, कारण सूचना बहुतेक मागच्या बाजूला छापलेल्या असत आणि लोक जपून ठेवतात ती पुढची बाजू.

आपले,
निवृत्त डाक-तार कर्मचारी, सातारा