धागे मोजायच्या भिंगाबद्दल, मास्तरांना

सोलापूर

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

आपण दिलेले पितळी भिंग गेली दोन वर्षे माझ्या टेबलावर आहे. त्याबद्दल तोंडी आभार मानायला आले, की आपण "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस, कान, माँतों या गावांची जुनी पोस्टकार्डे मी जमवते. एप्रिल-मेच्या उन्हात होरपळणाऱ्या सोलापूरकरणीला आणखी एका उन्हाच्या मुलखाचे वेड कशाला, असे पुष्कळांनी विचारले. (त्या किनाऱ्यावर श्रीमंत इंग्रज यायचे ते मुळी हिवाळ्यातल्या उबेसाठी, नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्याला इंग्रजांचेच नाव आहे.) आपण मात्र कार्ड उजेडात धरून "हे छापलंय कसं?" एवढेच विचारलेत, आणि त्या एका प्रश्नाने माझे पाहणेच बदलले.

तेव्हा मी पहिल्या महायुद्धापूर्वीची म्हणून अकरा कार्डे टपालाने मागवली होती आणि त्यांत बरीच बचत घातली होती. यंत्रमागावर इंचातले धागे मोजण्यासाठी वापरलेले आपले घडीचे भिंग आपण एका कार्डावर ठेवलेत आणि मला वाकून पाहायला लावलेत. आकाश, समुद्र, ताडाची झाडे, सारे निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या नेमक्या ओळींचे होते. कोपऱ्यातला जुनाट तांबूस डागसुद्धा ठिपक्यांचाच निघाला, म्हणजे तो काळाने पडलेला नव्हता, छापलेला होता. मग माझ्याकडचे आधीचे एक कार्ड आपण भिंगाखाली घेतलेत. त्यात ठिपके नव्हते. सुकलेल्या सायीवर पडतात तशा बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या होत्या. काचेवर जिलेटिनचा थर देऊन केलेल्या त्या काळच्या छपाईची ती खूण, हे मी नंतर वाचले. पण दोन्हींतला फरक आपण कोणतेही पुस्तक न उघडता दाखवलात. अकराही कार्डे अलीकडची होती. त्या दिवशी मला रडू आले, आणि काकूंनी मला जेवल्याशिवाय सोडले नाही.

"तुटलेला धागा दिसत नाही, त्याची जागा दिसते," हे आपण मागावरचे म्हणून सांगितलेत, ते मी कार्डांना लावले. विक्रेत्याने १९३० च्या सुमाराचे म्हणून दिलेले एक कोरे कार्ड आहे. त्यात नीसच्या समुद्रात खांबांवर उभा असलेला कॅसिनो दिसतो. तो १८९१ मध्ये सुरू झाला आणि १९४४ मध्ये जर्मनांनी उतरवला, त्यामुळे त्यावरून फारसे ठरत नव्हते. मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी दुभागलेली आहे, आणि फ्रान्समध्ये तशी मुभा मिळाली १९०३ च्या अखेरीस. पण किनाऱ्यावर जिथे नेग्रेस्को हॉटेलचा घुमट दिसायला हवा, तिथे तो नाही, आणि ते हॉटेल उघडले १९१३ मध्ये. म्हणजे छायाचित्र तरी त्याआधीचे. ती रिकामी जागा मी पूर्वी कधी पाहिलीच नसती.

आणखी एका गोष्टीसाठी आपली ऋणी आहे. कार्डे मी मोठ्या हौसेने कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून ठेवली होती. कापडातल्या खळीला कसर लागते आणि मग ती कागदाकडे वळते, हे आपण वेळीच सांगितलेत, एवढेच नव्हे तर ते कापड माझ्यासमोर तीन पाण्यांतून काढून घेतलेत. यंदाचा पावसाळा गेला, एकाही कार्डाची कड कुरतडलेली नाही.

येत्या रविवारी माँतोंच्या लिंबाच्या बागेचे एक कार्ड घेऊन येते. लिंबांचा पिवळा रंग रेषेबाहेर सरकला आहे. तो हाताने भरला असावा की साचा ठेवून, हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला वहीत नोंदवायचे नाही.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच असावा.

आपली,
कार्डेवाली