दत्त्या, आप्पांची गाठींची दोरी आहे का अजून?

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझे दोन फोन पण उचलले नाहीत, राग आलाच असणार. तब्येत बरी आहे, आईचा गुडघा तसाच. आता ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

मागच्या आठवड्यात आठवीच्या पोरांना म्हटलं, आपलं गाव वरून खाली मधोमध कापलं तर काय दिसेल ते काढा. वरचं सगळं झक्कास, डोंगर, ढग, पाऊस, नदी, समुद्राकडे जाणारे बाण. खाली मात्र नुसता तपकिरी रंग. ज्यांनी खाली पाणी दाखवलं त्यांनी चक्क वाहती नदी काढली, एकीनं तर त्यात मासे पण सोडले, आणि बोरचा पाइप थेट त्या नदीत. विचारलं तर म्हणे, सर, पाताळगंगा. आणि ही पोरं कुणाची, तर रात्री तीनला लाइट आली की मोटर चालू करायला उठणाऱ्यांची! पोटात कालवाकालव झाली रे. आपण तरी काय वेगळं केलं, तेच जलचक्राचं चित्र काढून पाचपैकी पाच घेतले (तुझा समुद्र माझ्या वहीवरून, विसरलो नाही). जगातल्या गोड्या पाण्यापैकी जवळपास ३० टक्के जमिनीखाली आहे, नद्या आणि तळी मिळून १ टक्कासुद्धा नाही, आणि चित्रात निळा रंग सगळा नदीला.

मग मी वीस लिटरचा जार कापला. त्यात मुरूम भरला, एका कडेला भोकं पाडलेली बाटली उभी केली, ती विहीर. दुसऱ्या कडेला बारीक नळी तळापर्यंत, तो बोर. निळी शाई घातलेलं पाणी वरून ओतलं, ते मुरमात जिरलं आणि हळूहळू बाटलीत चढलं. पोरं एकदम गप्प. मग नळीला सिरिंज लावून ओढायला लागलो. बाटलीतलं निळं पाणी बोटभर खाली गेलं, अजून बोटभर, आणि मागच्या बाकावरून एक पोरगा उभा राहिला, सर, म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी ह्यांच्या बोरनं नेलं का? ह्यांच्या म्हणजे शेजारी बसलेल्या चुलतभावाच्या. दोघं एका डब्यात जेवणारे. तो दुसरा मान खाली घालून पट्टीनं बाक खरवडत बसला.

दत्त्या, मला त्या क्षणी बारावीचा मार्च दिसला. तुमची सात परस खोल विहीर, आमच्या तात्यांचा बोर, दोनशे फुटांच्या खाली दोन इंच पाणी लागलं म्हणून आम्ही पेढे वाटले होते. पुढच्या महिन्यात तुमच्या विहिरीत तळ दिसला, आणि एसटी स्टँडवर तू मला विचारलंस तर मी म्हटलं, तुमचा झरा फिरला, आमच्या बोरचा काय संबंध. सहा महिने बोललो नाही आपण. तेव्हा मलाही खाली नदीच वाहते असं वाटायचं, ती इकडून तिकडे सरकते असं. काही माहीत नसताना इतक्या ठसक्यात बोललो, त्याची माफी मागतो. आप्पांची पण मागायला हवी होती, राहून गेलं.

पण आता रात्री झोप येत नाही ती वेगळ्या कारणानं. जारमधला मुरूम सगळीकडे सारखा, आपल्या खाली तसं नाही ना. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन बेसाल्टवर, लाव्हाचे थर एकावर एक. वरचा मुरूम आणि मांजऱ्या (तो मऊसर, छिद्राछिद्रांचा खडक) पाणी धरतो, खालचा काळा पाषाण फक्त भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यातून पाणी देतो. म्हणून एक बोर भरून वाहतो आणि दहा पावलांवरचा फेल जातो, आणि श्रेय मात्र पाणाड्याच्या नारळाला. बोरला केसिंग, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेला पाइप, वरच्या थोड्याच फुटांना असेल तर मुरमातलं पाणी त्या भोकातून खाली उतरू शकतं, किंवा त्या दोघांचा काही संबंधही नसेल. मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. आणि मी एका सिरिंजनं दोन घरांत भांडण लावून आलो की काय!

दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवून हे सगळं सांगितलं. आता ठरलंय असं की रविवारी बोर रात्रभर बंद ठेवायचा, सकाळी विहिरीची पातळी मोजायची, मग बोर चालवायचा आणि दर तासाला पुन्हा मोजायची. दोघांचे बाप तयार झाले, हेच मोठं. भूजल सर्वेक्षणवाले पण निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, तसं पोरांकडून वर्षभर करून घ्यायचं मनात आहे.

म्हणून विचारतो, आप्पा दगड बांधलेली ती गाठींची दोरी सोडायचे विहिरीत आणि ओल्या गाठी मोजून कॅलेंडरच्या मागे लिहायचे, ती कॅलेंडरं माळ्यावर आहेत का? त्या मार्च-एप्रिलचे आकडे मिळाले तर आपल्या भांडणाचं पण कळेल. चूक आमच्या बोरची निघाली तरी मला पोरांसमोर ते सांगायचंय.

चिऊच्या दहावीचं काय, नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का, वहिनींना नमस्कार. दोरी सापडली तर रविवारच्या आत एसटीनं पाठव, स्टँडवर मी येतो घ्यायला.

तुझा,
सुऱ्या