कृषिदूतांचे गावातले दिवस वाया घालवू नका

संपादक महोदय,

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की ‘ॲग्रीला घाल, एमपीएससी करेल’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. कृषी अधिकाऱ्यांची पदे मोजकी, इच्छुक हजारो. मग कृषी पदवीची चार वर्षे शेताऐवजी अभ्यासिकेत जातात आणि निवड झाली नाही की हाती पदवी असूनही कौशल्य काहीच नसते.

वास्तविक वाटा बऱ्याच आहेत. राष्ट्रीयीकृत बँका आयबीपीएस या बँक भरती संस्थेमार्फत कृषी क्षेत्र अधिकारी भरतात आणि त्याची मुख्य परीक्षा शेतीविषयाच्या ज्ञानावरच असते. अकोल्याला राज्याचे बियाणे महामंडळ महाबीज आणि बीज प्रमाणीकरण यंत्रणेची मुख्यालये आहेत. जालना, देऊळगाव राजा या पट्ट्यात बीजोत्पादन चालते. तिथे नर-मादी ओळींचे प्रमाण, विलगीकरण अंतर (म्हणजे दुसऱ्या वाणाच्या शेतापासून राखायचे अंतर) आणि भेसळीची झाडे उपटणे हे ज्याला जमते त्याला मागणी असते. नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षबागांना फवारणी आणि तोडणी यांतले अंतर पाळून नोंदवही ठेवणारा माणूस हवा असतो. एकच फवारणी उशिरा झाली तरी फळावर उरलेल्या औषधाच्या अंशामुळे माल नाकारला जाऊ शकतो.

स्वतःचे कृषी सेवा केंद्र काढायचे तर बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे तीन वेगळे परवाने लागतात, आणि कीटकनाशकांसाठीची शैक्षणिक अट ही पदवी पूर्ण करते. कृषी पदवीधरांना स्वतःचा व्यवसाय उभारता यावा यासाठीच्या केंद्राच्या ॲग्री-क्लिनिक योजनेत 45 दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण आहे. त्यानंतर वैयक्तिक प्रकल्पाला 20 लाखांपर्यंतच्या खर्चावर सर्वसाधारण गटाला 36 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के अनुदान मिळू शकते. मात्र आधी बँकेचे कर्ज मंजूर व्हावे लागते आणि बहुतेक प्रस्ताव कच्च्या प्रकल्प अहवालामुळे तिथेच अडकतात.

या सगळ्या वाटांना लागणारा हात तयार होतो तो शेवटच्या वर्षातल्या ग्रामीण कार्यानुभवात, म्हणजे ‘रावे’मध्ये. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून हे विद्यार्थी गावात येतात. बऱ्याच ठिकाणी होते काय, तर फलक धरून छायाचित्र, सरपंचाची सही आणि मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवलेला अहवाल. हे थांबले पाहिजे.

साधा माती नमुना घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी व्ही आकाराचे, सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डे करायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडायची. ती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. बांधाजवळची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती घेतली की सेंद्रिय कर्ब फसवा दिसतो आणि त्यावरची खतमात्राही चुकते.

सोयाबीनची उगवण तपासणी तर त्याहून सोपी. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळींत ठेवायचे, गुंडाळी सावलीत ओलसर ठेवून आठवड्याने सुदृढ कोंब मोजायचे. 70 आले तर हेक्टरी 75 किलो बियाणे पुरते. 60 आले तर 75 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे साडेसत्याऐंशी किलो. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की या दाण्याचे नाजूक टरफल तडकते, म्हणून घरच्या बियाण्याची तपासणी दरवर्षी हवीच. पेरणीच्या तोंडावर एका कृषिकन्येने एवढे वीस घरांत करून दाखवले तर किती दुबार पेरण्या टळतील!

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांना विनंती, की रावेचे गुण अहवालाच्या पानांवर देऊ नका. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः घेतलेले किमान दहा माती नमुने, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी आणि त्यावरून शेतकऱ्याला दिलेली खतमात्रा तपासा. परीक्षकाने त्यातल्या दोन शेतांवर प्रत्यक्ष जावे. पालकांनीही महाविद्यालय निवडताना इमारत पाहून भागत नाही. प्रक्षेत्र म्हणजे महाविद्यालयाचे शेत किती एकर, विहिरीला पाणी किती महिने, माती प्रयोगशाळा चालू आहे का आणि महाविद्यालयाला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का, हे विचारून घ्यावे. अधिस्वीकृती नसेल तर पुढे एमएस्सीच्या राष्ट्रीय प्रवेशात अडचण येऊ शकते, आणि ते कळते तेव्हा चार वर्षे होऊन गेलेली असतात.

– कृषी शिक्षण व विस्तार क्षेत्रातील काही कार्यकर्ते