पोराचं फिटनेस सर्टिफिकेट जोडलंय साहेब, मशीन कुठाय?

मा. मंत्रीमहोदय, स.न.वि.वि.

खातं मुद्दाम लिहिलं नाही, कारण एका टेबलावर सांगतात हे खेळाचं काम, दुसऱ्यावर सांगतात आरोग्याचं, तर ज्याचं असेल त्यांनी आपलं समजून वाचावं. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. माझ्या पोराचं हार्ट कबड्डी खेळताना बंद पडलं, म्हणून मैदानावर अशा वेळी शॉक द्यायचं मशीन ठेवा असा अर्ज केला होता, परवा त्याचं उत्तर आलं. उत्तर आलं हेच नवल, त्याबद्दल आभार. त्यात लिहिलंय, "संबंधित खेळाडूने स्पर्धेपूर्वी वैद्यकीय तपासणी प्रमाणपत्र सादर केले होते किंवा कसे, याचा खुलासा करावा."

केलं होतं की. झेरॉक्स परत जोडलीय. त्यावर फिट लिहिलंय आणि पोरगं खरंच फिट होतं.

17 वर्षांचा, चढाईचा खेळाडू. पकडीत कव्हरवाल्याचा गुडघा छातीवर बसला. त्या पोराचा काही दोष नाही, ते बिचारं आमच्या घरी येऊन ढसाढसा रडून गेलं. आमचा सुटून मध्यरेषेकडं दोन पावलं गेला आणि तोंडावरच पडला. हातपाय झाडायला लागला, घशातनं घर्र घर्र आवाज. झालं, सगळे म्हणे मिरगी, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला, माइकवाला ओरडतोय गर्दी करू नका, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हता साहेब. डॉक्टरनी नंतर सांगितलं, हार्ट थांबल्यावर माणूस असेच झटके देतो, अशीच घरघर लागते, लोक फसतात आणि मिनिटं जातात. सुट्टीवर आलेला एक फौजी गर्दीत घुसला, सगळ्यांना बाजूला ढकललं आणि छाती दाबायला बसला, त्याच्यामुळं पोरगं आज आहे. ॲम्ब्युलन्स होती बरं का! परवानगीच्या कागदाला लागते म्हणून उभी केलेली, ड्रायव्हरचा पत्ता नाही, पुढं पाहुण्यांच्या गाड्या आडव्या. शॉक मिळाला तो डायरेक्ट दवाखान्यात.

आता तुमच्या त्या प्रमाणपत्राचं. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हार्ट एकदम ठणठणीत असतं, पण दोन ठोक्यांच्या मधे एक बारीक क्षण असतो, सेकंदाचा पन्नासावा भाग म्हणा, नेमका त्यातच छातीवर मार बसला तर हार्ट नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत नाही. लहान पोरांना जास्त होतं कारण त्यांची छाती लवचिक असते. हे कुठल्या ईसीजीत आधी दिसणार? तपासणी करू नका म्हणत नाही मी, जन्मजात दोषानं हार्टचे स्नायू जाड झालेली पोरं तालमीत आणि मैदानात असतात, ती त्यात सापडतात, इटलीनं तर 1982 पासून खेळाडूंची तपासणी सक्तीची केलीय. पण आपल्याकडं शंभर रुपयात छातीला स्टेथोस्कोप न लावता फिट लिहून देतात, हे तुम्हाला माहीत नाही असं सांगू नका.

2 जानेवारी 2023 ला अमेरिकेत डामर हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू असाच टॅकल करताना छातीला मार लागून पडला, लगेच सीपीआर म्हणजे छाती दाबणं, मैदानावरच शॉक, आणि पुढच्या सीझनला गडी परत खेळला. डेन्मार्कचा फुटबॉलवाला एरिक्सन 2021 मधे मार न लागताच हार्ट थांबून पडला, त्यालाही मैदानावरच शॉक मिळाला, तोही परत खेळला. आणि आपल्याकडं? 2004 च्या डिसेंबरात बेंगळुरूला फुटबॉलच्या फेडरेशन कपच्या फायनलमधे ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना गोलकीपरला धडकला आणि गेला. वीस वर्षं होऊन गेली. छाती कुणी दाबत नसेल तर शॉकला एकेक मिनिट उशीर म्हणजे वाचायचा चान्स सात ते दहा टक्क्यांनी खाली. महाराष्ट्रात 108 ची ॲम्ब्युलन्स सुरू झाली 2014 ला तेव्हा 937 गाड्या, लोक 11 कोटीच्या वर, म्हणजे सव्वा लाख माणसांमागं एक. करा हिशोब.

पोरगं वाचलं म्हणून लोक पेढे मागतात. वाचलं, पण मेंदूला रक्त कमी पडलं. शर्टाची बटणं त्याची आई लावते. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, दहावीला 78 टक्के होते त्याला. व्हेंटिलेटरचं बिल भरताना योजनेचं कार्ड पुढं केलं तर "हे पॅकेज बसत नाही" म्हणाले, मग बायकोचं गंठण गेलं, मालकाकडनं उचल घेतली, ती पगारातनं कापतायत. फिजिओथेरपीला रिक्षा, रिक्षाला पैसे, ज्या दिवशी नेतो त्या दिवशी खाडा. स्पर्धेवाल्यांनी मला पाकीट आणून दिलं, 5 हजार. त्याच मैदानात डीजे होता, एलईडी स्क्रीन होता, फेटे होते, पाहुण्यांना शाली किती वाटल्या ते मोजायला नको. मशीन लाख-सव्वा लाखाला येतं हो. मुंबईच्या विमानतळावर भिंतीला टांगलेलं असतं. हां, विमानावरनं आठवलं, विमान यावं म्हणून 2023 च्या जूनमधे इथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा सगळी यंत्रणा कशी वेळेवर हजर होती! उजनी भरली तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्याला यंत्रणा नाही. जिथं तुम्हाला जायचं असतं तिथं सगळं असतं, आम्ही जिथं असतो तिथं खुलासा मागतात.

जिल्ह्यात 11 तालुके, प्रत्येक तालुक्याला एक मशीन, स्पर्धा असेल तिथं पाठवायचं, पंधरा लाखाच्या आत बसतं. ते स्वतः बोलून सांगतं पट्ट्या कुठं चिकटवा, बटण कधी दाबा, डॉक्टर लागत नाही. पंचांना आणि पीटीच्या सरांना छाती दाबायला शिकवा, मिनिटाला 100 ते 120, एका दुपारचं काम आहे. मशीन आणि शिकलेला माणूस नसेल तर स्पर्धेला परवानगीच देऊ नका. जत्रांचा सीझन तोंडावर आलाय, गावोगाव मैदानं आखायला सुरुवात झालीय, त्याच्या आत काय ते करा.

आपला,
एका कबड्डीवाल्याचा बाप, सोलापूर