कार्लॉफचा चेहरा ताणू नका

महोदय,

२३ नोव्हेंबर ही बोरिस कार्लॉफची जयंती. 'फ्रँकेन्स्टाइन' या १९३१ च्या भयपटात राक्षस झालेला हा नट. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७, लंडन. पूर्वज अँग्लो-इंडियन, म्हणजे थोडं नातं आपल्या मुलखाशीही. त्याचं सपाट डोक्याचं छायाचित्र कुठे ना कुठे छापून येतं आणि खाली ओळ असते, 'फ्रँकेन्स्टाइन'. ही चूक आता थांबावी. हा चित्रपट ज्यावरून घेतला त्या मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसी प्राण्याला घडवणाऱ्याचं नाव आहे. प्राणी बिननावाचाच राहतो. चित्रपटात सुरुवातीच्या नामावलीत राक्षसापुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. कार्लॉफ हे नाव शेवटच्या पाटीवर येतं.

इंदूरच्या हौशी नाट्यसंस्थांना आणि वाचनालयांना आमची विनंती आहे, यंदा हा चित्रपट दाखवा. सत्तर मिनिटांचा खेळ आहे, संध्याकाळी सहज बसतो. मात्र तो नीट दाखवा. चित्राची चौकट (रुंदी आणि उंची यांचं प्रमाण) जवळजवळ ४:३ आहे आणि आजचे पडदे १६:९ चे. प्रोजेक्टर तसाच सोडला की चित्र आडवं एक तृतीयांशाने ताणलं जातं. मग तो उंच, हाडकुळा चेहरा बसका आणि गुबगुबीत होतो, भीती तिथेच संपते. झूम करून पडदा भरला तर चित्राची पाव उंची कापली जाते, आणि कापली जाते ती बरोबर त्याची कवटी. म्हणून ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. बारा फूट रुंद चित्र हवं असेल तर नऊ फूट उंची लागेल, तेवढी भिंत आहे का ते आधी मोजा. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली की कार्लॉफची अडखळती चाल तेलावर घसरल्यासारखी दिसते.

आवाजाचंही तसंच. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाट्या सोडल्या तर या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. दारामागून येणारी पावलं ऐकू यायला हवीत. प्रोजेक्टरचा पंखा प्रेक्षकांच्या कानाशी घरघरत असेल तर तो प्रसंग वाया गेला. राक्षस दारातून पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो, आणि कॅमेरा तीन तुटक टप्प्यांत त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. त्या वेळी सभागृहात कुजबूजसुद्धा नको.

रंगभूषा जॅक पियर्सची. शल्यविशारद कवटी सर्वांत सोप्या रीतीने कशी उघडेल, असा विचार करून त्याने डोक्याचा माथा डब्याच्या झाकणासारखा सरळ कापला. कपाळावरच्या पकडी त्या झाकणाच्या. मानेतले खुंटे हे बोल्ट नव्हेत, वीज आत घेण्याची टोकं आहेत. कापूस आणि कोलोडियन (सुकल्यावर पापुद्रा धरणारं द्रावण) यांचे थरावर थर देऊन कपाळ उभं केलं जाई, रोज सुमारे चार तास. कातडीला हिरवट करडा रंग लावला, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट उमटतो. पोस्टरवरचा पोपटी राक्षस पडद्यावर कधी नव्हताच. डोळे जिवंत दिसतात म्हणून पापण्यांवर मेण लावा, हे कार्लॉफने स्वतः सुचवलं. एका बाजूचा ब्रिज, म्हणजे बसवलेले खोटे दात, काढून तो गाल आत ओढून घेई, त्या खळग्याला कसलाही लेप नव्हता. कपाळ बांधलेलं, पण डोळे, गाल, ओठ मोकळे. तो प्राणी आपल्याला दुखावलेला दिसतो तो यामुळे. रबरी मुखवट्यात हे कधीच येणार नाही.

रंगमंचावर हा चेहरा करणाऱ्यांनी कोलोडियनच्या नादी लागू नये. त्यात ईथर असतं, ते झटकन पेट घेतं, आणि सुकताना कातडी आवळतं. कापूस आणि लिक्विड लेटेक्स (पातळ, दुधाळ रबर) पुरे. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास थांबा, कारण लेटेक्सची ॲलर्जी काहींना चांगलीच त्रास देते. भुवयांवर आणि केसांच्या कडेला आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर काढताना केसही निघतात. कापूस जाळीसारखा विरळ पसरून चार-पाच थर द्या. लेटेक्सचा दुधाळपणा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा थर नको. घाईत एकच जाड थर दिला तर तो आतून ओला राहतो आणि दिव्यांच्या उष्णतेत अख्खं कपाळ नाकावर उतरतं. डोळ्यांच्या आसपास लेटेक्स अजिबात नको.

भयपटाचा शौक म्हणजे पोरकटपणा, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. दिवाळी अंकात भयकथा आधी उघडणाऱ्या मराठी वाचकाला तरी हे पटू नये. १९५७ मध्ये अमेरिकेत हे जुने चित्रपट टीव्हीवर आले आणि एक अख्खी पिढी रंगभूषा, प्रकाशयोजना, छायाचित्रण यांचे बारकावे त्यांतून शिकली. १९९७ मध्ये तिथल्या टपाल खात्याने भयपटांतल्या पाच पात्रांची तिकिटं काढली, त्यांत कार्लॉफ दोनदा आहे: एकदा हा राक्षस, एकदा १९३२ च्या चित्रपटातली ममी. स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेच्या संस्थापकांतही तो होता. २ फेब्रुवारी १९६९ ला तो गेला.

खेळाआधी प्रत मात्र तपासून घ्या. तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाला फुलं देते. दोघं ती पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. मुलगीही तरंगेल असं त्याला वाटतं. जुन्या प्रतींत त्याचे हात तिच्याकडे जाताच दृश्य तुटतं, आणि प्रेक्षक मनात भलतंच काही धरतो. कापलेला तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला. मुलगी पाण्यात पडल्यावर तो स्वतःच घाबरून पळताना दिसला, तर प्रत पूर्ण आहे.

आपले,
काही भयपटप्रेमी वाचक, इंदूर