ग्राफ्टची डावी नळी

ती. अण्णा आणि आईस,
सा. न.

सीटीचा रिपोर्ट नीट वाचला. अण्णा, पोटातल्या महाधमनीच्या फुग्यात बसवलेला ग्राफ्ट, म्हणजे कापडाची कृत्रिम धमनी, विजारीसारखा असतो: वर एक खोड, खाली दोन पायांकडे दोन नळ्या. फुगा फुटायची भीती कमी झाली, पण एखादी नळी गुठळीने बंद पडू शकते. तसं झालंच तर बहुतेकदा पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत.

उजवी नळी रुंद, सरळ धमनीत संपते. डावी मात्र थेट पायाकडे जाणाऱ्या एक्स्टर्नल इलियाक धमनीत उतरवावी लागली. ही धमनी जेमतेम ७ मिमी, वळणावळणाची, भिंतीत चुना साठलेला. अरुंद धमनीत फार मोठ्या मापाची नळी बसली की कापडाला चुण्या पडतात. वळणावर ती बागेतल्या पाइपासारखी मुडपते. रक्त मंदावतं आणि गोठतं. महाधमनी दुभागते तिथं २० मिमीहून कमी जागा असली तर दोन्ही नळ्या एकमेकींना दाबतात. तुमची २४ आहे, तेवढं बरं.

आमराईत फेऱ्या मारताना डाव्या कुल्ल्यात, मांडीत किंवा पोटरीत गोळा येऊन थांबावं लागलं, आणि थांबल्यावर तो गेला, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करून घ्या. गुठळी टाळणारी ॲस्पिरिन दात काढायचा म्हणून परस्पर बंद करायची नाही, आधी सर्जनना विचारायचं. आणि तंबाखूची चंची आता खरंच टाका. आई, तुझी मिश्रीही.

आई, रोज रात्री दोन्ही पावलं हाताने तपास. डावं एकाएकी गार, पांढरं, बधिर पडलं, बोटं हलेनात, तर सकाळची वाट पाहू नकोस. पूर्ण बंद झालेला रक्तपुरवठा साधारण सहा तासांत सुरू व्हायला हवा; नाहीतर स्नायू मरतात. चोळायचं नाही, गरम पिशवीने शेकायचं नाही. बधिर कातडी भाजते. मिरजेत दवाखाने पुष्कळ, पण रात्री गुठळी काढणारा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन सगळीकडे नसतो. कुठे असतो ते आजच फोन करून विचार आणि नंबर फ्रिजवर चिकटव. निघताना सीटीची सीडी सोबत घे. नळी कुठे मुडपली आहे ते जुन्या चित्राशी ताडून लवकर कळतं.

पुढचा सीटी १४ तारखेला. आदल्या दिवशी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या.

तुमची,
ताई